मेंटेनन्सच्या दिवशी शिजलेलं मोठ्याचं

प्रिय कौसा,

नावानं हाक मारली म्हणून दचकू नको. जलमभर "अगं" आन "सुजीची माय" यावर भागवलं, पण पत्रात अगं लिहायचं कसं? म्हणून आज नाव. सकाळीच लिहायला बसलो, कारण काल आपल्या घरात एक गोष्ट घडली आन ती तुझ्याबिगर दुसऱ्या कुणाला सांगण्यात मजा न्हाई. मी सैपाक केला. हसू नको. आन सैपाक म्हंजे खिचडी न्हाई, मोठ्याचं केलं, म्हशीचं मटण.

व्हय, मीच. ज्याला तू चहाचं आधण सुदा ठेवू द्यायची न्हाईस, तोच किसन वायरमन. "तुमी बसा, पोळून घ्याल," म्हणायचीस. गावातल्या खांबावर चढून तारा जोडणारा माणूस तुझ्या चुलीपाशी पोळणार होता व्हय? शिकवलं असतंस तर काय बिघडलं असतं? आता मीठ किती, येसरचा मसाला किती, कुणाला विचारू?

पण आधी काहून केलं ते सांगतो. सुजीसाठी केलं.

तू गेल्यापासून आपली लेक मुक्कामाला आलीच न्हाई बघ. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला आली त्या दिवशी सुदा दिवे लागायच्या आत परभणीला परत गेली. म्हंजे येत न्हाई असं न्हाई. येते, पण कशी? सकाळच्या गाडीनं येते, माझ्या गोळ्या बघते, फ्रीज पुसते, भांडे घासते, पदर खोचून सगळं घर झाडते आन चारच्या गाडीनं निघते. सासरी जसं राबते तसंच इथं राबते. मी म्हणतो, राह्य की बाई एक रात. ती म्हणते, "कशाला बाबा, उगं तुमाला तकलीफ."

तकलीफ म्हणे. बापाच्या घरी लेकीची तकलीफ असती का?

दिवाळीत फोनवर मी जरा रागानंच बोललो. म्हटलं, हे घर तुझं न्हाई का? तर म्हणाली, "बाबा, तिथं आता माझी वाट बघणारं कोण हाय?" म्हटलं, मी हाय ना. "तुमी हाव हो, पण..." एवढंच बोलली आन पोराला शाळेत सोडायचं म्हणून फोन ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत कसली शाळा, कौसा? त्या दिवशी मला घास गेला न्हाई. तू होतीस तर ही पोरगी आठ-आठ दिवस हलायची न्हाई. तू गेलीस आन माझ्या घराचं माहेरपण संगं घेऊन गेलीस, असं वाटलं. राग आला तुझा. खरंच आला.

मग एक दिवस वर माळ्यावर जुनं पांघरूण काढायला गेलो तर खोका दिसला. तुझे गुडघे गेले तव्हा सुजीनं तुला घेऊन दिलेलं ते मंद शिजवायचं विजेचं भांडं, स्लो कुकर. चुलीपाशी बसायला नको, माय, सकाळी सगळं घालून बटन दाब, म्हणाली होती बिचारी. आन तू काय म्हणालीस? "आठ तास? आठ तासात मी वावर खुरपून येते." एकदा सुदा लावलं न्हाईस त्याला. लेकरानं हौसेनं आणलं होतं गं. मला ते तव्हाच सांगायचं होतं, पण तुझ्यापुढं बोलायची माझी टाप होती का?

म्हटलं, याच भांड्यात मोठ्याचं करू. सुजीला तुझ्या हातचं तेच सगळ्यात आवडायचं. फोन केला, गुरुवारी ये, मी सैपाक करून राहिलो. मग म्हणाली, "तुमी?"

जवळा बाजारला गेलो. वरीसभरात पहिल्यांदा त्या खाटकाच्या दुकानावर गेलो होतो. भाईनं लगेच विचारलं, "चचा, चाची नहीं दिखी बहुत दिन से." सांगितलं. त्यानं सुरी खाली ठेवली. मग आतून पायाच्या नळीजवळचं, चरबी धरलेलं काढून दिलं. म्हणाला, "चाची यही लेती थी. रान का नहीं लेती थी, सूखा लगता बोलके." रान म्हंजे मांडीचं; मला हे ठाऊकच नव्हतं. पिशवीत पिशवी घातली, वर मेथीची जुडी ठेवली आन आणलं, तू आणायचीस तसंच. म्हशीचंच हाय, चोरीचं न्हाई, पण रस्त्यानं उगं कुणाच्या डोळ्यावर काहून यावं?

काल गुरुवारी पहाटे उठलो. कांदा भाजला, खोबरं भाजलं, लसूण सोलता सोलता डोळे भरून आले, ते लसणानं न्हाई. तुझी येसरची बरणी उघडली. तळाला थोडं राहिलेलं होतं. वास अजून तसाच हाय. हळद, मीठ, तिखट, बटाटे, सगळं त्या भांड्यात घातलं, बटन दाबलं, लाल दिवा लागला. काय ऐट वाटली म्हणून सांगू. खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसलो. रस्सा कोमट झाला, कडेनं एक-दोन बुडबुडे आले.

आन लाईट गेली.

मला वाटलं येईल. जलमभर हेच तर बघितलं. मग सबस्टेशनला फोन लावला, जरा वायरमनच्याच आवाजात विचारलं, काय रे, कुठं फॉल्ट झाला? तिकडचा गडी म्हणाला, "काका, आज गुरुवार हाय की. मेंटेनन्स. संध्याकाळपर्यंत बंद. हा वार तुमीच तर ठरवलेला."

घे. हसून घे पोटभर. नोकरी होती तवर दर गुरुवारी या गावाची लाईट मी सोताच्या हातानं बंद केली. बायाबापड्यांच्या शिव्या खाल्ल्या. तू बुधवारीच दळण आणायचीस, मिक्सरचं वाटण करून ठेवायचीस, शेजारणींना सांगत फिरायचीस, "आमच्या मालकांचा वार हाय उद्या." आन मी माझाच वार विसरलो. रिटायर झाल्यावर माणसाचे वार सुदा सुटतात बघ.

तेवढ्यात सुजी दारात. चपला काढल्या आन पदर खोचायलाच लागली. मी म्हटलं, बस, आज काही करायचं न्हाई. पण तिचं लक्ष भांड्याकडं गेलं. खोक्यातून निघालेलं बघून ती थबकली. झाकण उघडून बोट लावलं. "बाबा, हे तर कच्चंच हाय."

म्हटलं, लाईट गेली.

"आज गुरुवार ना?" तिला सुदा ठाऊक होतं. लाईनमनची पोरगी हाय. हसली न्हाई मात्र. म्हणाली, "जाऊ द्या, प्रेशर कुकरला लावते, शिट्ट्या झाल्या की झालं. न्हाई तर पिठलं टाकते. मला चारची गाडी हाय."

कौसा, तिनं कुकर हातात घेतला. मला वाटलं, शिट्ट्या होतील, ती जेवेल, भांडे घासेल आन जाईल. मग परत येईल ती माझ्या गोळ्या बघायलाच. मी कुकर तिच्या हातातून घेतला. म्हटलं, या घरात मोठ्याच्याला कधी शिट्टी दिली न्हाई, आन मी देऊ देणार न्हाई. चूल पेटवतो.

मागच्या अंगणातली चूल वरीसभर थंडीच होती. राख काढली तर आत कोंबडीनं अंडं घातलेलं. गवऱ्या मांडल्या, तुराट्या घातल्या, फुंकून फुंकून माझं तोंड काळं झालं, पेटायचं नाव न्हाई. सुजी दारात उभी राहून बघत होती. मग आली, मला बाजूला सारलं, दोन गवऱ्या उभ्या केल्या आन एका फुंकरीत जाळ धरला. तुझाच हात. तुझं ते जाड बुडाचं पातेलं काढलं, सगळं त्यात वतलं, वर ताटली ठेवली आन ताटलीत पाणी घातलं. मी विचारलं, पाणी कशाला? तर म्हणाली, "खालचा रस्सा आटला की हे गरम पाणी घालायचं. गार पाणी घातलं की मटण रुसतं. माय सांगायची." मला कधी सांगितलं न्हाईस ते.

मग आमी दोघं बसलो चुलीपाशी. गवरीच्या जाळावर मोठ्याचं शिजायला वेळ लागतो, आन तेवढा वेळ बसून माणूस बोलणार न्हाई तर करणार काय? ती बोलली. सासूचं बोलली, पोराच्या शाळेचं बोलली, जावयाच्या बदलीचं बोलली. वरीसभरात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मग तुझं बोलली. बोलता बोलता रडली. मी सुदा रडलो. धुराचं निमित्त दोघांनाही होतं.

आता एक सांगतो, रागावू नको. जाळ जरा मोठा झाला की मी हळूच एखादी गवरी मागं ओढायचो. म्हंजे शिजायला अजून वेळ लागावा. दोनदा ओढली. तिसऱ्यांदा तिनं बघितलं.

"बाबा, जाळ काहून कमी करून राहिले?"

म्हटलं, मंद आचेवर चव येते.

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हटलं आता रागावते. पण तिनं काय केलं ठाऊक हाय? ताटलीतलं पाणी सावकाश रश्श्यात वतलं, ताटलीत नवीन पाणी भरलं आन पाट ओढून परत बसली. तिकडं फाट्यावर चारच्या गाडीचा हॉर्न वाजला. आमी दोघांनी ऐकला. कुणी उठलं न्हाई. जरा वेळानं तिनं फोन काढून जावयाला सांगितलं, "मुक्काम करून राहिले. न्हाई हो, बाबा बरे हायत. मटण शिजायचंय."

दिवस मावळायच्या टायमाला उतरवलं. लाईट आली होती तोवर. मटण बोटानं तुटत होतं, वर तवंग, खाली येसरनं धरलेला घट्ट रस्सा. भाकरी तिनं केल्या. चुरून, कालवून खाल्लं. पहिल्या घासाला मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, तू माझ्या तोंडाकडं बघायचीस तसा.

"मायसारखं न्हाई झालं," ती म्हणाली. "मीठ केवढं घातलं बाबा! दोनदा घातलं का काय?"

दोनदाच घातलं होतं, कौसा. एकदा पहाटे, एकदा चुलीवर. पण ती हे भांडायच्या सुरात म्हणाली. तुझ्याशी भांडायची ना, "माय, तिखट किती गं," म्हणून, अगदी तसंच. औषधाच्या गोळ्या विचारायचा तो गोडगोड सूर न्हाई. आन म्हणता म्हणता तिसरी भाकर घेतली.

जेवण झालं, तिनं हात धुतला आन ताट तिथंच ठेवलं. पदर खोचला न्हाई. चुलीतला विस्तू विझवला न्हाई, पातेलं सुदा झाकलं न्हाई. आडवी झाली ती मधल्या खोलीत, तिथंच, सतरंजीवर. मी पांघरूण घातलं तर म्हणाली, "उद्या मला उठवू नका." भांडे मी घासले. पातेल्याच्या बुडाची काजळी निघाली न्हाई, तेवढं तू माफ कर.

आता दिवस किती वर आलाय. शेजारची गंगूबाई दोनदा डोकावून गेली, "सुजी आलीय म्हणे, अजून झोपलीय का?" म्हटलं, व्हय, हळू बोला. तोंड उघडं टाकून, एक पाय पांघरुणाबाहेर काढून, लग्नाच्या आधी झोपायची तशी झोपलीय. सासरी पहाटे उठणारी बाई हाय ही.

म्हणून तुला शबूद देतो. मी हाय तवर सुजीला मुक्कामाला बोलावीन ते गुरुवारीच. चूल मी पेटवीन, मीठ एकदाच घालीन, भांडे मी घासीन. आन दुसऱ्या दिवशी सकाळी या घरात तिला कुणी उठवणार न्हाई.

ऊन तिच्या तोंडावर येऊन राहिलंय. उठतो, परदा ओढतो.

तुझा,
किसन