न झिजणारी वडी

२ मार्च, रविवार

पोचले एकदाची! एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या खोलीची किल्ली हातात आली, तीही परदेशात. तीन महिने इथल्या वृद्धाश्रमात स्वयंसेविका. खोली तिसऱ्या मजल्यावर: खाट, टेबल, शेगडी, खिडकीत एक रिकामी कुंडी. आधीच्या बाईनं बरंच मागे ठेवलंय. काठोकाठ साखरेचा डबा, चहापूड, तेलाची बाटली, साबणाची कोरी वडी आणि ही पिवळी पेन्सिल. तिनंच लिहितेय.

लेक म्हणाली होती की आई, पंधरवड्यात पैसे संपवशील आणि मला फोन करशील. बघच म्हणावं! मिशनच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं तशी भत्त्याची पाकिटं केली: जेवण, बस, फोन, किरकोळ. पाचवं बाळाचं. लेकीला जूनची तारीख दिलीय, त्याआधी मी घरी. बाळाची पहिली आंघोळ माझ्या हातची, हे आमचं ठरलेलं आहे.

९ मार्च, रविवार

आश्रमात रुळले. सकाळी आजी-आजोबांच्या आंघोळी, मग वेण्याफण्या, सोमवारी सगळ्यांची वजनं. मीही काट्यावर चढले: चौसष्ट किलो. स्वयंपाकीणबाई मोठी मिश्कील. म्हणाली, त्या खोलीत राहणारी प्रत्येक बाई बारीक होते, काही काळजी करू नका.

खिडकीजवळच्या खाटेवर एक इवलीशी आजी आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात. आज आंघोळ घालताना तिनं माझा हात धरला, नाकाशी नेऊन हुंगला आणि रडायलाच लागली. साबणाचा वास तर होता, दुसरं काय!

२३ मार्च, रविवार

गंमत आहे. रोज तीनदा चहा करते, तरी साखर तेवढीच. तेलही तेवढंच. साबणावरची अक्षरंसुद्धा कालच छापल्यासारखी. माझी आई साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरायची. तिला ही वडी मिळाली असती, तर जन्म निघाला असता. पाकिटं फुगलीत. लेकीला सांगितलं तर विचारते कशी, उपाशी तर राहत नाहीस ना? छे, दोन वेळा पोटभर जेवते.

७ एप्रिल, सोमवार

वजन छप्पन्न. बांगड्या हातातून आपोआप गळून पडतात. हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेईना. मेट्रनबाई हसून म्हणाल्या की फार घासता तुम्ही. उजेडात नेऊन पाहिला. एकही रेघ नाही. पुसलेल्या पाटीसारखा.

साबण मात्र कोरा.

१९ एप्रिल, शनिवार

तेलाच्या बाटलीवर खूण केली होती. आठ दिवस झाले, तेल खुणेलाच. या पेन्सिलीला मी अजून एकदाही टोक केलेलं नाही.

चिमणीनं आज विचारलं की डब्यात साखर किती उरलीय. भरलेला आहे, म्हटलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्वयंपाकीणबाईला बाजूला घेऊन विचारलं, तर चिमणी माझ्याच खोलीत राहायची. स्वयंसेविका म्हणून आली होती. तो डबा तिचाच. वय एक्केचाळीस.

आजी नाही ती. एक्केचाळीस. हे सांगताना बाई हसली नाही.

२० एप्रिल, रविवार

मेट्रनबाईंकडे दुसरी खोली मागितली. नाही म्हणाल्या. लगेच निघायचं तर तिकीट बदलायला बाळाचं अख्खं पाकीट जाईल. अजून सहा आठवडेच तर आहेत. काढीन कसेबसे. ती वडी खाली कचऱ्यात टाकून आले, नवी आणली.

२६ एप्रिल, शनिवार

नवीही झिजत नाही.

केस मूठमूठ येतात. तळहातावरच्या रेषा शोधते आणि— नाहीत.

सहा आठवडे काढायचे! काय बुद्धी झाली होती मला. पैसे वाचवत होते आणि—

४ मे, रविवार

अडतीस किलो. तिकीट बदललं. परवाचं विमान. बाळाचं पाकीट तिकिटाच्या खिडकीवरच रिकामं केलं, शेवटची नोटसुद्धा दिली. जीव हलका झाला.

परतताना जिन्यात पाय गेले. चार पायऱ्या रांगत चढले. खोलीत येऊन पाकीट उघडलं.

भरलेलं होतं.

सगळ्या नोटा. तशाच. मग तिकिटाचं मोल कशातून— देवा, कशातून गेलं?

६ मे

बॅग उचलत नाही. राहू दे बॅग. दार ढकललं. पुन्हा ढकललं. रोज एका बोटानं उघडायचे—

हाका मारल्या. खाली पायांचे आवाज आले, गेले.

लेकीला फोन लावला. ती म्हणत राहिली, आई, मोठ्यानं बोल ना, काहीच ऐकू येत नाही. मी ओरडत होते.

७ मे

विमान गेलं.

९ मे

लेकीचा फोन. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, पण ठणठणीत आहे. अडीच किलो. म्हणाली, पहिली आंघोळ तुझ्यासाठी ठेवलीय गं, लवकर ये. मी बोलले. तिला ऐकू—

अडीच किलो. मला ती उचलता तरी—

बेसिनवर वडी कोरी. डबा काठोकाठ. पेन्सिल तेवढीच लांब, टोकही तसंच.

ती धरायला आता दोनच बोटं आणि तीही