पटावरची दोन नावं

२२ सप्टेंबर २०२५

सकाळी पीठ कुटून झालं. विशालाक्षी आणि तिची नणंद सौम्या, दोघींनी दुपारपर्यंत लाटलं. ऊन चांगलं होतं, अप्पळम – उडदाचे पापडच ते – वाळले. माझी बायको अंबुजा वारल्यापासून आज पहिल्यांदा दुकानदारानं काही परत पाठवलं नाही.

संध्याकाळी सुरेंद्र आला. ऑडिटरकडे कामाला असल्यामुळे माझ्या या भाच्याला सगळे नियम पाठ. पुन्हा तेच बजावलं – दोघींना पहिल्यांदाच पीएफवर घेतलं आहे, सहा महिने टिकल्या तर पगारातला वाटा सरकार देईल; एक जरी गेली तरी काही नाही. तो वाटा आला नाही तर अंबुजाचा कारखाना चालायचा नाही, हे त्यानं मला सांगायला नको. "मामा, दोघींना फुलासारखं जपा," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

२५ सप्टेंबर

पगारातून कापलेल्या पैशांबद्दल विशालाक्षीनं पुन्हा विचारलं. ते तुझ्याच नावावर साठतात, मीही त्यात भरतो, असं समजावलं. अम्मा सगळे हातात द्यायच्या, म्हणाली. अंबुजाला दोघी अम्मा म्हणत. मग गप्प बसली. गप्प माणसाची मला जास्त भीती वाटते – मी स्वतः तसाच असून!

२८ सप्टेंबर

घरात नवरात्र नाही. वर्षाच्या आत सण कसला? शेजारी नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या आहेत. त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

१ ऑक्टोबर

आयुधपूजा. अंबुजा असती तर पोळपाट-लाटणी धुऊन, कुंकू लावून देवीपुढे मांडली असती. यंदा कोपऱ्यातच आहेत. दोघींना कालच आज-उद्याची सुट्टी सांगितली. "आणि विजयादशमीचं काय?" सौम्यानं विचारलं. यंदा काही नाही, म्हटलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

३ ऑक्टोबर

कोणी आलं नाही.

४ ऑक्टोबर

आजही नाही. फोन उचलत नाहीत. पैसे कापले त्याचा राग असणार. चोळपुरमच्या रस्त्याला नवा अप्पळम कारखाना निघालाय, तिथं रोख देतात म्हणे.

६ ऑक्टोबर

सुरेंद्रला सांगितलं. तो शांत! नावं राहू द्या हजेरीपटावर, पीएफचा भरणा चालू ठेवा, सरकारचा वाटा येईल, बघायला कोण येतंय, म्हणाला. "सगळे करतात, मामा. तुम्हीच एकटे हरिश्चंद्र?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. अंबुजाला विचारू, असं दोनदा मनात आलं.

९ ऑक्टोबर

बसनं त्यांच्या गावी, तिरुनीलक्कुडीला गेलो. विशालाक्षी दारातच भेटली. बसायला चटई टाकली, ताक दिलं. मी पीएफचंच बोलत सुटलो. तिनं थांबवलं.

"त्याचं काही नाही, अय्या. अम्मा दर विजयादशमीला हातात विडा द्यायच्या. म्हणजे पुढचं वर्षभर काम आहे. यंदा काही नाही, म्हणालात. आम्हाला कळलं, नको आहोत."

इतकी वर्षं अंबुजा माझ्यासमोर विडा देत होती. मला वाटायचं, सणाचं तांबूल!

घरात वर्ष पाळतोय, म्हणून दिला नाही – एवढं कसंबसं बोललो. तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच होता. "वर्ष तुमच्या घरी, अय्या. आमच्या चुलीनं काय पाळायचं?"

आता दोघींनी चोळपुरमच्या मालकाचा विडा घेतला आहे. घेतल्यावर मध्येच निघून यायची त्यांच्यात रीत नाही. बसपर्यंत सोडायला आली. "पुढच्या विजयादशमीला कारखाना असला, तर बोलवा," म्हणाली.

१० ऑक्टोबर

सुरेंद्रला फोन केला. दोन्ही नावं काढ, म्हटलं. "मग वर्षभर चालवणार कशावर?" माहीत नाही, म्हटलं.

कारखान्याचं दार उघडलं. पीठ भिजवलं, कुटलं, लाट्या केल्या. पहिला अप्पळम लाटला. गोल झाला नाही. उन्हात घातला.