क्रुसाभोवतीचा गोल

४ ऑगस्ट १९९१

आले एकदाची नेब्रास्कात! केंटकीच्या डोंगरातून बसने येताना कंबर पार मोडली, पण नात गळ्यात पडली आणि सगळं विसरले. लेसी सहा वर्षांची आहे. ही वही तिनेच दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, चुकलं तर मी तपासीन. मी तिसरीतून शाळा सोडून तंबाखूच्या शेतात गेलेली, तेव्हा मास्तरीणबाईंना काम पुष्कळ. माझी लेक नदीन मका डबाबंद करायच्या कारखान्यात असते, घरी आम्ही दोघीच. घरामागे नजर पोचेल तिथवर मकाच मका. इथली चेक माणसं जर्दाळूचा मुरंबा घालून गोड पाव करतात, कोलाची म्हणतात. मी चार खाल्ले. नदीनला दोनच सांगितले.

८ ऑगस्ट

भिंत आली! व्हिएतनामात गेलेल्या पोरांच्या नावांची काळी भिंत वॉशिंग्टनला आहे ना, तिची धाकटी नक्कल ट्रकातून गावोगाव फिरते. मला तिकडे जायला कधी जमलं नाही, आता तीच माझ्या दारी आली. जत्रेच्या मैदानावर उभी केलीय. इतकी गुळगुळीत की नाव वाचायला जावं तर आधी आपलंच तोंड दिसतं. कुणी पायथ्याशी बूट ठेवलेत, कुणी बिअरचा डबा, न फोडलेला.

आमचा डेल्बर्ट सापडला. माझा थोरला. एकोणिसाव्या वर्षी तिकडच्या नदीत बेपत्ता झाला. सगळे करतात तसा मीही नावावर कागद धरून पेन्सिल घासली. नाव हळूहळू वर आलं.

तिथे पेट्रिक म्हणून एक माजी शिपाई राखण करतो. बोलका आहे, माझ्यासारखाच. त्याने खुणा सांगितल्या. नावापुढे पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असली की तो नक्की मेला. क्रूस असला की बेपत्ता. हाडं मिळाली की क्रुसावर चौकट कोरतात, आणि जिवंत परत आला तर क्रुसाभोवती गोल. मी म्हटलं, मग आमच्याला काढ की एक. तो हसला नाही.

"आजी, तो गोल आजवर कुणाच्याच नशिबी आला नाही. उगाच आस लावून घेऊ नका."

मला चेव आला. घरी येऊन कागदावरच्या क्रुसावर बटण ठेवलं आणि लेसीच्या पेन्सिलने छान गोल काढला.

९ ऑगस्ट

लेसी म्हणते, मक्यात एक माणूस उभा आहे, ओलाचिंब. इथे तर पावसाचा थेंब नाही. कोण गं, विचारलं, तर म्हणाली, मामा. तिला कुणी सांगितलं? त्यानेच, म्हणे. मी नदीनला काही बोलले नाही. मागच्या पायरीवर ताटलीत कोलाची ठेवून आले. दाराची कडी काढूनच ठेवली.

१० ऑगस्ट

ताटलीत गढूळ पाणी.

भर दुपारी आला. अजून एकोणीसचाच. तसाच एका पायावर भार देऊन उभा. मी त्याचं तोंड ओंजळीत धरलं. गार, गुळगुळीत. आणि त्यात मीच दिसले. नुसती मीच —

११ ऑगस्ट

लेसी सकाळभर त्याचा हात धरून खेळली. आता अंग बर्फ. खोकते आणि गढूळ पाणी पडतं. डॉक्टर विचारतो, पोर कुठल्या नदीत पडली? इथे नदीच नाही.

पेट्रिकला सांगितलं. पांढराफटक पडला. म्हणाला, पुसा. खोडरबर घासून कागद झिजला, गोल जात नाही.

"मग क्रुसावर चौकट काढा, आजी. गोल काढणाऱ्या हातानेच."

म्हणजे पोरगा मेला, हे मी लिहायचं. सैन्याची माणसं कितीदा आली, त्यांनाही लिहू दिलं नव्हतं —

१२ ऑगस्ट

लेसीचे ओठ निळे. नदीन तिला धरून बसलीय. तो पायरीवर —

पेन्सिल घेतली. एक रेघ. बाहेरून म्हणाला, आई, थंडी वाजतेय.

दुसरी. लेसीने श्वास घेतला. घेतला!

तिसरी. तो आत आला. शेजारी बसलाय. माझ्या हातावर हात — मी त्याला नाव गिरवायला शिकवताना धरायची, तसाच —

"आई, नको ना गं."

लेसी पुन्हा खोकतेय. एकच रेघ रा