आक्काची टेप

३ मार्च, सोमवार
झालं! आमची गाण्यांची कंपनी विकली. लहान माशाला मोठ्याने गिळलं होतं, आता त्या मोठ्याला आणखी मोठ्याने. नवे साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत टेपांची खोली रिकामी करा. अठ्ठावीस वर्षं सांभाळली ती मी! सगळा माल दूरच्या कुठल्याशा गोदामात जाणार. जाईना का.
पण आक्काची टेप त्यात आहे.

४ मार्च
दुपारी भाचीचा फोन. "मावशी, आईचा आवाज मला आठवतच नाही गं. टेप आणशील?" आक्काच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा ही चार वर्षांची. तेव्हापासून आक्का पाटीवर लिहून बोलते.
तरुणपणी तिने आमच्याच कंपनीसाठी आठ गाणी गायली. "आधी बाजार बघू," म्हणाले, नि बघतच बसले! रेकॉर्ड निघाली नाही, आणि करारामुळे पाच वर्षं दुसरीकडे गायची बंदी. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! त्यातच तिचं गाणं सुटलं. कायमचं.

५ मार्च
तीन कपाटं उपसली. शिंकून शिंकून जीव गेला. साहेब दारातून म्हणाले, "बाई, घरी काही न्यायचं नाही हं. मालकी कंपनीची." म्हटलं, गळा तिचा नि मालकी तुमची, वा रे वा! मनातच म्हटलं, अर्थात.

६ मार्च
नाही सापडली.

७ मार्च, शुक्रवार
सापडली. जुन्या करारावर नंबर होता, ४१२. मशीनवर लावली, तर साबणाची जाहिरात!
मग पुसायच्या टेपांच्या यादीची वही काढली. टेप महाग, म्हणून न निघालेली गाणी पुसून तिच्यावर दुसरं भरायचं, ही आमची तेव्हाची रीत. यादीत नावं नाहीत, नुसते नंबर. नवी असताना ते काम माझ्याकडे होतं. भराभर 'पुसा'चे शिक्के मारायचे, पानाखाली सही करायची.
४१२ वर शिक्का आहे. सही माझी.
शिक्का मारण्याआधी एक गाणं तरी ऐकायचं होतंस गं, भवाने! तिथेच बसून रडले.

८ मार्च
आक्काला सांगून टाकलं. तिने शांतपणे पाटी ओढली नि लिहिलं — "ठाऊक आहे. तेव्हाच गाणी पुसल्याचं कंपनीचं पत्र आलं होतं, सोबत यादीचं पान. सही ओळखली मी. नवी नोकरी होती तुझी. कशाला बोलायचं?"