न गेलेल्या होड्यांची नोंद

सर,

तुम्ही मासळी खात नाही, हे आमच्या चौक गावात शेवटपर्यंत कुणालाच पटलं नाही. घरात कांदा-लसूणसुद्धा न चालणारा माणूस रत्नागिरीहून येतो, भाईंदरला स्टेशनजवळ दोन खोल्यांत बिऱ्हाड करतो आणि सरकारी पगार घेऊन आयुष्यभर बोंबील मोजतो, याचा अर्थ लोकांनी लावायचा तरी कसा? माझी आई म्हणायची, "मोजतंय यवढा, मंग चाखत कसा न्हाय?" एसटीतून उतरताना तुमच्या नाकाला रुमाल असायचा. किनारा जवळ आला की तो खिशात जायचा, कारण लोकांसमोर नाक दाबणं तुम्हाला त्यांचा अपमान वाटे. मी ते दर वेळी बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते. आता सांगायला हरकत नाही. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि तुम्ही गेलात त्या वयाहून मी आज बरीच मोठी आहे.

एकाहत्तर-बहात्तरचं साल ते. मी होडी चालवणाऱ्या तांडेलाची मुलगी, गावातली पहिली बीएस्सी, आणि विषय कुठला तर संख्याशास्त्र. त्याचा उपयोग काय, हे मला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. तुम्ही मासळी संशोधनाच्या पाहणीत मला तात्पुरती जागा दिलीत. काम ऐकायला सोपं होतं. ठरलेल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहायचं, आलेल्या होड्यांपैकी काही निवडायच्या, त्यांच्या पाट्या वजन करून बोंबील किती, करंदी किती, मांदेली किती ते फॉर्मवर लिहायचं. त्यावरून सगळ्या वर्षाची मासळी काढायची. दिवस ठरवायला तुमच्याकडे एक जाड पुस्तक होतं, पानामागून पान नुसते आकडे, कसलाही क्रम नसलेले. तुम्ही डोळे मिटून पानावर पेन्सिल टेकवायचात आणि जो आकडा येईल तो दिवस. मी विचारलं होतं, एवढं कशाला सर, चांगली भरती बघून दिवस धरू की. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुझ्या हातात पेन्सिल देत नाही." गावात तुमचं नाव पुस्तकवाला पडलं. शेजारची मावशी मला बजावायची, "त्या पुस्तकवाल्याला इचार, दर्यानं वाचलाय का त्याचा पुस्तक?"

त्या वर्षी पाहणीकडे साऱ्या गावाचे डोळे लागले होते, ते बर्फासाठी. आमच्याकडे बर्फ नव्हता. आई पाटी डोक्यावर घेऊन निघायची, आणि ऊन चढलं की बोंबील पाणी सोडायला लागायचे. दुपारपर्यंत न खपलेला माल खताच्या भावात जायचा. मत्स्यखातं बर्फाचा एकच कारखाना देणार होतं, आमच्या गावाला किंवा खाडीपलीकडच्या गावाला, ज्याची वर्षाची सरासरी मासळी जास्त त्याला. म्हणजे माझ्या फॉर्मवर. मी पेन उघडलं की जाळं विणताना बाबांचा हात थांबायचा.

आणि मग तो गुरुवार आला. पेन्सिलीने काढलेला दिवस, आणि त्याच पहाटे गावातला एक तरणा माणूस गेला. आमच्यात कुणी गेलं की होडी पाण्यात जात नाही. मी फॉर्म घेऊन किनाऱ्यावर उभी आहे, होड्या वाळूवर आहेत, आणि लिहायला काहीच नाही. मला त्यात खोटेपणा दिसला नाही, आजही शपथेवर सांगेन. जो दिवस उजाडलाच नाही त्याची नोंद काय करायची? शुक्रवारी होड्या गेल्या, भरून आल्या, मी नऊ होड्या मोजल्या आणि वर तारीख गुरुवारची टाकली. दिवस वाया गेला नाही याचं मला समाधानच वाटलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्या ओटीवर बसून कोरा चहा पीत होतात आणि आई बोलता बोलता म्हणाली, "बिस्तरवारी कोन गेलाच न्हाय दर्यावर. चूल न्हाय पेटली गावात." तुम्ही कप खाली ठेवलात. एसटीच्या थांब्यापर्यंत चालताना मला 'तू'ऐवजी 'तुम्ही' म्हणायला लागलात.

"गुरुवारी किती होड्या गेल्या?"

"एकही नाही."

"मग फॉर्मवर नऊ कुठून आल्या?"

"त्या शुक्रवारच्या, सर. गुरुवारी काही नव्हतंच, तर लिहिणार काय?"

"शून्य लिहिणार. त्याला फॉर्मवर जागा ठेवलीय." तुम्ही रस्त्यातच थांबलात. "वर्षात गावात किती मरणं होतात, किती लग्नं, किती वाऱ्याचे दिवस? ते सगळे धरून वर्ष होतं ना? तुम्ही सुतकाचे दिवस गाळलेत, तर कागदावर तुमचा समुद्र कायम भरलेला दिसेल. उद्या तो कागद वाचून कुणी ट्रॉलर घेऊन इथे आला, तर वडिलांना काय सांगाल?"

"आणि बर्फ?" मी विचारलं. मी रडत होते, पण विचारलं.

"खऱ्या आकड्यावर आला तर तुमचा. नाहीतर तो पलीकडच्या गावाचा बर्फ आहे, आणि तुम्ही तो उचलून आणताय."

लाल पेन्सिलीने तुम्ही नऊ होड्या खोडल्यात, शून्य लिहिलंत, बाजूला स्वतःची सही केलीत. वर कळवलं असतंत तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. तुम्ही कळवलं नाहीत. एसटी आली तेव्हा खिडकीतून म्हणालात, "मंगळवारी वेळेवर ये." पुन्हा 'तू' झाले, आणि मला घरापर्यंत चालत जायचं बळ आलं.

सर, या एका शून्यावर मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. बढाई मारत नाही, पण चांगलं शिकवलं. संभाव्यतेची सूत्रं फळ्यावर कुणीही लिहितो. मी पोरांना भाईंदर पूर्वेच्या दुकानांत पाठवायची, हाटकेशच्या छोट्या कारखान्यांत पाठवायची, आणि फॉर्म परत आले की आधी शून्यं शोधायची. नसतील तर फॉर्म परत. एकदा एक मुलगा वाद घालत होता, "मॅडम, त्या दिवशी दुकान बंदच होतं, मग डेटाच नाय ना." मी म्हटलं, बंद होतं हाच डेटा, जा, लिहून आण. मग त्यांना गुरुवारची गोष्ट सांगायची. माझी चूक, तुमची लाल पेन्सिल, सगळं. आपली चूक अशी वर्गात सांगितली की मुलं विश्वास ठेवतात, हेही मला ठाऊक होतं. ती गोष्ट सांगायची मला सवय झाली होती, आवडही झाली होती.

कारण तिचा शेवट छान होता. वर्ष संपलं, तुमचा अहवाल छापून आला आणि बर्फाचा कारखाना आमच्या गावाला मिळाला. पलीकडच्या गावापेक्षा आमची सरासरी थोडीशीच वर होती. तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी पोहे खातेय, काकू आणखी वाढतायत, आणि तुम्ही त्यांना सांगताय, "बघ, हिच्या फॉर्मवर शून्य पडलं, तरी बर्फ आला. खरं लिहून काही जात नाही." तुमचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. नवीन नोंदणी करणाऱ्यांच्या वर्गातही तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. एमएस्सीसाठी शिफारसपत्र दिलंत, त्यात लिहिलंत की ही मुलगी आकड्यांशी खोटं बोलत नाही. त्या पत्रावर मला प्रवेश मिळाला, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यातूनच आलं.

सर, तुम्ही एक फॉर्म पकडलात. दुसराही होता.

त्या गुरुवारनंतर माघात पालखीच्या दिवशी तुमची पेन्सिल पडली होती. त्या दिवशीही कुणी पाण्यात जात नाही. आदल्याच आठवड्यात आईने दोन पाट्या बोंबील वाळूत ओतून दिलेले मी पाहिले होते, आणि रिकामी पाटी घेऊन ती किती वेळ नुसती बसून होती तेही. पालखीचं जेवण झालं, सगळी देवळाकडे गेली, आणि मी घरी बसून सात होड्या लिहिल्या. त्यात बाबांचीही एक. मागच्या आठवड्यातली वजनं घेतली आणि प्रत्येक थोडं हलवलं, म्हणजे बनवलेली वाटू नयेत. बिनक्रमाचे आकडे कसे दिसतात, हे तुमच्याच पुस्तकात पाहून मला चांगलं कळलं होतं. या वेळी मी काय करतेय ते मला पुरतं माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्या फॉर्मवर सही केलीत आणि म्हणालात, "अक्षर सुधारलंय."

मला लाज वाटते, सर, पण आईच्या पाटीत पहिल्यांदा बर्फ पडला त्या दिवसाची वाटत नाही. त्या पोह्यांच्या दिवसाची वाटते. वर्गात मी दर वर्षी पहिल्या फॉर्मशी थांबले, आणि हे पत्रही पेटीतच राहणार आहे. त्याच पेटीत त्या वर्षाच्या सगळ्या फॉर्मांच्या कार्बन कॉप्या आहेत आणि तुमचा अहवाल आहे, त्यात पलीकडच्या गावाची सरासरी छापलेली आहे. तो बर्फ खरा कुणाचा, हे काढता येतं. सात होड्या खोडायच्या, शून्य लिहायचं, सरासरी पुन्हा काढायची. पहिल्या वर्षाच्या मुलाला दहा मिनिटं लागतील. मी ते अजून केलेलं नाही.