अकरा मिनिटांचा कॉम्प्युटर

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (चरणी म्हणजे डाव्या. उजव्याचा गुडघा दुखतोय, हे ध्यानात आहे.)

इकडे सर्व ठीक. हिचा खोकला गेला. माझं ब्लडप्रेशर आहे तिथेच ठिय्या मारून बसलंय. बेसिनच्या पाइपाखाली ठेवलेली बादली आता घरातलीच एक झाली आहे. रोज सकाळी कंगवा जागेवर नसतो म्हणून ही माझ्यावर चिडून आहे, पण त्याचं नंतर. तू गुडघा शेकतेस ना? नुसतं हो म्हणू नकोस, खरंच शेक. आता तू म्हणशील, रोज सकाळी सातला आपण फोनवर बोलतो, वर हे पत्र कशाला, एवढं काय आभाळ कोसळलं? ताई, काही गोष्टी तुझ्याशी बोलताना माझ्या घशातच अडकतात. तू 'हं' म्हणतेस ना, त्या 'हं'पुढे मी साठी ओलांडूनही चौथीतला होतो. कागद बिचारा 'हं' म्हणत नाही.

विषय तू पाठवलेल्या एसएसडीचा. पार्सल येऊन दोन महिने झाले. सोबत तुझ्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी: 'जुनी हार्ड डिस्क म्हातारी झाली. ती काढ, ही बसव. पापणी लवायच्या आत कॉम्प्युटर चालू होईल.' तेव्हापासून तू विचारते आहेस, बसवलीस का, आणि मी रोज एक नवं निमित्त काढतो आहे. आधी स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता. (सापडला होता. मीच तो पुन्हा हरवला.) मग मातीच्या प्रकारांवरच्या त्या जाडजूड पुस्तकाची शब्दसूची करत होतो, 'भ'पर्यंत आलो होतो, 'म' तोंडावर असताना पेशंटचं ऑपरेशन कसं करायचं? मग हवा दमट होती. हवेचं सांगितलं तेव्हा तू फक्त 'हं' म्हणालीस. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

खरं कारण सांगतो, हसू नकोस. आपले बाबा फोनजवळ उभे राहून काय म्हणायचे आठवतं ना? फोन कामासाठी असतो, गप्पांसाठी घरी यायचं. तीन मिनिटं झाली की खाकरायचे. ते खाकरणं आपल्या दोघांच्या हाडीमाशी असं मुरलं की तू तिकडे, मी इकडे, आणि तीस वर्षांत आपण फोन केले ते कुणी जन्मलं, कुणी गेलं, नाहीतर कुणाचा पत्ता हवा म्हणून. मग भावोजी गेले. मी येऊन राहिलो, परत आलो, आणि नंतर रोज सकाळी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. विचारणार काय? कशी आहेस? कशी असणार! ही म्हणायची, अहो, नुसता आवाज तरी ऐकवा त्यांना. पण काम काय सांगू, ताई? काहीच काम नव्हतं.

आणि एका सकाळी देव पावला, माझा कॉम्प्युटर अडकला. आता मला काम होतं! एकोणतीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवलेली बहीण असताना माणसाने दुसऱ्या कुणाला विचारायचं? लगेच फोन लावला. तू बाईंच्या आवाजात तीन प्रश्न विचारलेस आणि निदान केलंस की बिघडलेला नाही, म्हातारा झालाय, थांब, होईल चालू. मग आपण थांबलो. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. तू मधेच म्हणालीस, आज पुन्हा दोन कप चहा टाकला गेला, दुसरा ओतून देववेना म्हणून मीच प्यायले. आणि तू रडलीस. मी आपलं सांगितलं की काल मी स्वेटर उलटा घालून बँकेत गेलो आणि कॅशियरने माझ्या मानेवरचं लेबल मोठ्याने वाचून दाखवलं. तू हसलीस. भावोजी गेल्यावर पहिल्यांदा. पलीकडून तुझं नाक ओढणं आणि हसणं एकदम ऐकू येत होतं आणि इकडे माझेही डोळे भरले होते. तेवढ्यात पडद्यावर चित्र आलं. घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन केला, आजही अडकलाय म्हणून. अडकला वगैरे काही नव्हता, तो रोजच अकरा मिनिटं घ्यायचा, फक्त आदल्या दिवशी फोन करायला मला निमित्त हवं होतं. तेव्हापासून तीन वर्षं झाली. मी बटण दाबतो, तुला फोन लावतो, डिस्क घरघरायला लागते, आणि तू ती घरघर फोनवरून ऐकून सांगतेस, अजून चार मिनिटं आहेत, बोल. पडदा उजळला की मी म्हणतो, आला. तू म्हणतेस, बरं, लाग कामाला. बाबांचा नियम मोडला नाही, आणि तुझी सकाळ रिकामी जात नाही. (माझीही. हे मी आधी लिहायला हवं होतं.)

आता सांग, पापणी लवायच्या आत चालू होणारा कॉम्प्युटर घेऊन मी काय करू? आणि ती वस्तू पाठवलीस कुणी, तर तू! पार्सल फोडलं आणि चिठ्ठी दोनदा वाचली. वाटलं, ताई कंटाळली. रोज उठून याची रडगाणी कोण ऐकणार, स्पष्ट सांगता येत नाही म्हणून डिस्क पाठवली. ही म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. पण ही तरी शपथेवर कसं सांगणार?

मधल्या काळात कॉम्प्युटरने अंथरूण धरलं. घरघरीत आता टकटक मिसळली, आणि अकराची चौदा, चौदाची एकोणीस मिनिटं झाली. मी मनातून खूश. एकोणीस मिनिटांत तुझ्या शेजारणीचं मांजर, माझे दात आणि तुझ्या माजी विद्यार्थिनीचं बाळ, एवढं सगळं आरामात व्हायचं. ही म्हणाली, घरात आजारी माणूस आणि तुम्ही शीळ घालताय, शोभतं का? ते पाप भोवलंच. एका दुपारी सूची उघडली तर 'क'पासून 'ढ'पर्यंतची सगळी अक्षरं गायब! 'खडकाळ' नाही, 'गाळ' नाही, 'चिकण' नाही, सगळी माती झाली. संपादकबाईंना फोन केला तर त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, काळजी करू नका, सोमवारपर्यंत द्या. ताई, ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

शेवटी खोका चादरीत गुंडाळून चावीवाल्याशेजारच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याला सगळे उद्यापरवा म्हणतात, कारण काम कधी होईल याचं त्याच्याकडे तेवढंच उत्तर आहे. त्याने झाकण काढलं. आत धुळीचा गादीएवढा थर, त्यात माझ्या चष्म्याचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला स्क्रू. जुन्या डिस्कला कान लावून त्याने मान हलवली, अगदी मोठ्या हॉस्पिटलात हलवतात तशी. मग मी तुझं पार्सल काढून दिलं. त्याने ती बोटभर हिरवी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, काका, ही यात बसणारच नाही. हिला जी खाच लागते ती या जुन्या मशिनीत नसतेच. यात डबीवाली एसएसडी बसते. कुणी पाठवली? मी म्हटलं, ताईने. तो म्हणाला, त्यांना यातलं कळत नसेल. माझं डोकंच सणकलं! म्हटलं, अरे, हा कॉम्प्युटर तिने स्वतः निवडून घेऊन दिला आहे, दोनदा माझ्या जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने उघडला आहे, याच्या आतला स्क्रू न् स्क्रू तिला... आणि तिथेच माझं बोलणं थांबलं. उद्यापरवा म्हणाला, काय झालं, काका? म्हटलं, काही नाही रे.

तर डिस्क कधी बदलायची हा निर्णय असा अधांतरी आहे. तुझ्या सवडीने विचार करून कळव, घाई नाही. हिचा तुला नमस्कार. गुडघा शेक. पत्रात चुका असतील तर लाल पेनाने खुणा करून परत पाठवू नकोस, मागच्या वेळी पोस्टमनने वाचलं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : छत्री इथेच राहिली आहे तुझी. पाठवत नाही, येऊन ने.

ता. क. २ : वरचं 'अधांतरी' खरं नाही. जुनी डिस्क कधीही मान टाकेल, असं उद्यापरवा म्हणाला, तेव्हा तिथल्या तिथे डबीवाली बसवून घेतली. त्याने 'क' ते 'ढ'सुद्धा बाहेर काढून दिलं. या गोष्टीला आज बावीस दिवस झाले. कॉम्प्युटर चौदा सेकंदांत चालू होतो. तू फोन उचलायच्या आत पडद्यावर चित्र येऊन बसलेलं असतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

ता. क. ३ : म्हणजे बावीस दिवस मी तुला, पडद्यावर अजून गोल फिरतंय, असं धडधडीत खोटं सांगतो आहे. आणि घरघर ऐकू यावी म्हणून हिचा कंगवा टेबलाच्या कडेवर घासतो. परवा तू म्हणालीस, आज घरघर फार एकसारखी येते आहे. माझा हात थांबला. मग तू म्हणालीस, असू दे, चालू दे त्याचं, बोल. ताई, ती पट्टी माझ्या चष्म्याच्या घरात ठेवली आहे. न बसणारी डिस्क चुकून आली की मुद्दाम, ते मी विचारणार नाही. तूही कंगव्याचं विचारू नकोस.

ता. क. ४ : पण सकाळी सातला हिला तोच कंगवा लागतो. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली. काही काम नसताना फोन केला तर चालेल का?