मूळ प्रतीतलं खातं

४ जून
नवी नोकरी, नवं टेबल, खिडकीजवळची जागा. खुर्चीही न डगमगणारी मिळाली, म्हणजे नशीब उघडलंच म्हणायचं. बायको म्हणाली, आता तरी वेळेवर घरी येत जा. चिमी पहिलीत गेलीये, तिला बेरजा शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

काम सोपं, पण जीव काढणारं. आमचं सॉफ्टवेअर तपासायला रोज कोरी आभासी यंत्रं लागतात, म्हणजे संगणकाच्या पोटातले खोटे संगणक. संध्याकाळी ती पुसायची, सकाळी पुन्हा बनवायची. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ती हाताने बनवायचे. अर्धा दिवस ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत. मी म्हटलं, स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे यंत्रं आपोआप बनवणाऱ्या आज्ञा. आप्पा म्हणाले, लिही बाबा, माझी बोटं झिजली.

११ जून
स्क्रिप्ट चालली. एक मूळ प्रत, तिच्यावरून हव्या तेवढ्या नकला. चहा पिऊन येईस्तोवर सगळी यंत्रं तयार.

घाईत एक राहिलं. प्रत बंद करण्याआधी बनवणाऱ्याने तिच्यातलं आपलं खातं, म्हणजे आत शिरायचं नाव, काढून टाकायचं असतं. त्यामुळे आता प्रत्येक यंत्र माझ्या नावाने जागं होतं आणि संध्याकाळी माझ्या नावासकट पुसलं जातं. बिघडतंय काय? काढून टाकीन सवडीने.

१९ जून
झोपून उठलो तरी शीण जात नाही. अंग आंबून गेलंय. काल यंत्रं पुसली, खाली उतरलो आणि घरचा रस्ताच आठवेना. बायकोला फोन करून विचारला. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

२४ जून
डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. असेल. पण रविवारी यंत्रं पुसत नाहीत, आणि रविवारी मी काहीच विसरत नाही.

२६ जून
पुसणं चालू असताना डोक्यातून आईचा आवाज गेला. म्हणजे कसा होता, तेच — तिला फोन केला. कुणी परकी बाई बोलत होती.

आप्पांना सांगितलं, मूळ प्रतीतलं माझं खातं काढून टाकतो. म्हणाले, इतकं छान चाललंय, उगाच हात लावू नकोस.

२७ जून
घरी दारात एक मुलगी पायांना बिलगली. कोण, ते कळायला — बायको बघत होती. भीती वाटते. पुढच्या वेळी चिमी पुरती जाईल.

२८ जून
आप्पा यायच्या आधी मूळ प्रत उघडली. माझं खातं मुळासकट काढून टाकलं. नक्की काढून टाकायचं का, असं संगणकाने विचारलं. हो दाबलं.

हलकं वाटतंय. चिमीचा पडलेला दात, आईचा आवाज, सगळं परत आलं. रडलो.

आप्पा आले. कोण हवंय, म्हणाले. चेष्टा करत असतील —

घरी फोन लावला. चिमीने उचलला. बाबा बोलतोय, म्हटलं. तिने आईला हाक मारून सांगितलं, कुणीतरी काका आहेत, रडतायत.

बायकोने फोन घेतला. शांतपणे नाव विचारलं. मी म्हणालो, मी —